मृगातलं बारसं आणि बारावं
१९३२ साली येरवडा तुरुंगात गांधीजींना आकाशदर्शनाचा नाद लागला होता. तोच छंद आज त्यांच्या सेवाग्राम आश्रमाच्या मोकळ्या आवारात करून पाहा. जानेवारीत, रात्री जेवणं आटोपली की मृग नक्षत्र शोधा. त्याच्या पट्ट्याखालचा धूसर ठिपका म्हणजे वायू-धुळीचा मेघ. तिथं वायू आकसतो, तापतो. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होऊ लागलं की तारा जन्मला! मृगातलाच तांबूस तारा काक्षी मात्र म्हातारा. थोराड तारे इंधन उधळतात, म्हणून अल्पायुषी. काक्षीचा शेवट स्फोटात होणार. शेजारच्या व्याध ताऱ्याचा जोडीदार स्फोटाविनाच संपला. तो आता श्वेत बटू, वजनाला सूर्याएवढा, आकाराला पृथ्वीएवढा. आपला सूर्यही सुमारे ५ अब्ज वर्षांनी याच वाटेनं जाईल.