चुका न काढणारा श्रोता



ग्रंथालय म्हटले की 'शांतता राखा' ही पाटी आठवते आणि दाराशी घुटमळणाऱ्या कुत्र्याला हाकलणारा शिपाईही! अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात मात्र १९९९ साली कुत्र्यांना सन्मानाने आत घेण्यात आले, तेही मुलांचे वाचन ऐकण्यासाठी.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक मिटून गेलेले मूल वेळेआधीच आले. खोलीतला जिंगल्स नावाचा कुत्रा त्याला चाटू लागला आणि मूल त्याला बिलगले. १९६२ साली लेविन्सन यांनी कुत्र्याला 'सहचिकित्सक' म्हटले. व्यवसायबंधूंनी त्यांची थट्टाच केली.

ग्रंथालयातला कुत्रा निवडलेला, परीक्षा घेतलेला असतो; रस्त्यावरचा नव्हे. त्याच्याजवळ त्याचा सांभाळकर्ता बसतो. मूल एखाद्या शब्दाशी थबकले, की तो म्हणतो, "याने हा शब्द कधी ऐकलेला नाही, तू सांगशील का अर्थ?" क्षणात शिष्याचा गुरू होतो! कुत्रा अक्षरे शिकवीत नाही. तो केवळ हसत नाही.

घरी मराठी आणि शाळेत दुसरी भाषा, अशा मुलांचे मराठी वाचन अडखळते. घरची मंडळी हसतात आणि पुस्तक कायमचे मिटते. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाच्या बालविभागात एक सतरंजी आणि चुका न मोजणारे एखादे आजोबा बसविण्यास कोणाची हरकत नसावी. कुत्र्याचे कार्यकारी मंडळाने मागाहून पाहावे.