कयामत जवळ आली म्हणतात
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



काही वावगे दिसले की आपल्या तोंडून एक शब्द आपोआप निघतो. तुम्ही म्हणता, "कलियुग आले." आम्ही म्हणतो, "कयामत जवळ आली." मागे चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुमच्यात कयामतच्या निशाण्या सांगितल्या आहेत म्हणतात, त्या एकदा आम्हाला सांगा ना." मी हो म्हटले खरे. परंतु सांगावयाचे जुळवू लागले तेव्हा ध्यानात आले की, मला ज्या निशाण्या पाठ होत्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. अमकीच्या मुलीचे केस कापलेले, तमक्याचा मुलगा रात्रभर मोबाइलवर, लग्नात ढोलताशे. माझी स्वतःची एकही नव्हती.

कयामत म्हणजे शेवटचा दिवस. त्या दिवशी मेलेली माणसे पुन्हा उठतील आणि ज्याचा त्याचा हिशेब होईल, अशी आमची श्रद्धा. तो दिवस कधी यावयाचा हे एका अल्लाला ठाऊक. हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांचे आणि आठवणींचे संग्रह. त्यांत एक प्रसंग आहे. जिब्रईल फिरिस्ता माणसाच्या रूपाने येतो आणि कयामत कधी म्हणून विचारतो. पैगंबरसाहेब सांगतात की, विचारणाऱ्यापेक्षा मला त्यातले जास्त ठाऊक नाही. मग निदान निशाण्या तरी सांगा, म्हटल्यावर ते दोन सांगतात. दासीच्या पोटी तिची मालकीण जन्मेल, आणि पायात वहाण नसलेले गरीब मेंढपाळ उंच इमारती बांधण्यात एकमेकांशी चढाओढ करतील.

आलिम लोक निशाण्यांचे दोन प्रकार करतात. मोठ्या त्या अगदी शेवटच्या: दज्जाल नावाचा महाठक येईल, हजरत ईसा, ज्यांना आपले ख्रिस्ती शेजारी येशू म्हणतात, ते पुन्हा पृथ्वीवर उतरतील, याजूज-माजूज सुटतील, सूर्य पश्चिमेला उगवेल. मुले हे डोळे विस्फारून ऐकतात. मीही लहानपणी संध्याकाळी पश्चिमेकडे बघावयास भीत असे! लहान निशाण्या मात्र घरातल्या आणि बाजारातल्या आहेत, म्हणून त्यांची कोणाला भीती वाटत नाही.

या मोठ्या निशाण्या मोजण्याचा नाद किती वाईट, ते माझे सासरे सांगत. ते तेव्हा जेद्द्याला ड्रायव्हर होते. 20 नोव्हेंबर 1979 रोजी, म्हणजे हिजरी 1400 सालच्या पहिल्याच दिवशी, पहाटेच्या नमाजाला मक्केच्या हरम शरीफमध्ये जुहैमान नावाच्या माणसाने शेकडो हत्यारबंद साथीदारांसह मशीद ताब्यात घेतली. जग बिघडले आहे, निशाण्या पुऱ्या झाल्या आहेत आणि ज्याची वाट पाहात होतो तो महदी हा पाहा, असे म्हणून त्याने आपल्याच मेहुण्याला पुढे केले. जिथे मुंगी मारणेही मना आहे, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. शेकडो माणसे मेली, तो महदीही मेला. जानेवारी 1980 मध्ये पकडलेल्यांपैकी 63 जणांना देहांत शासन झाले. सासरे म्हणत, "दुसऱ्याचा बिघाड मोजता मोजता माणूस कुठवर जातो बघ."

परत आल्यावर त्यांनी डोंगराकडेच्या जमिनीत हापूसची चाळीस कलमे लावली. साठीला आलेला माणूस, फळ कधी खाणार म्हणून लोक हसत. तेव्हा ते पैगंबरसाहेबांची शिकवण सांगत की, हातात रोप असताना कयामत आली तरी जमले तर ते लावून टाकावे. 2006 मध्ये ते वारले. त्यांनी पाच-सहा हंगाम तरी पोटभर आंबे खाल्ले.

आता त्या उंच इमारतींविषयी. आमच्याकडची पुरुषमाणसे आखातात नोकरीला. मुलांचे अब्बा दोह्याला असतात. 2010 मध्ये दुबईला 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा उघडला तेव्हा त्यांनी फोटो पाठविला आणि मी शेजारी दाखवीत हिंडले, "बघा, निशाणी खरी ठरली." अरबांना नावे ठेवणे सोपे असते. पण खाडीपलीकडच्या आमच्या गावात येऊन बघा. कौलारू घरे पाडून दोन-दोन मजली बंगले झाले आहेत, गुलाबी, हिरवे, वर काचांचे सज्जे. निम्म्यांना कुलूप. उरलेल्यांत एक म्हातारी आणि एक दिवा.

आमचा बंगला त्यातलाच. जाऊबाईंनी 2011 मध्ये वर मजला चढविला. त्यांच्या गच्चीवरून आमची कौले दिसतात, हे मला रोज टोचू लागले. मग आम्हीही दोन मजले आणि वर गच्ची काढली, त्यांच्यापेक्षा हातभर उंच. मी गवंड्याला तसे सांगितले होते. सूरे तकासूर अवघ्या आठ आयतींची, आमच्यात लहान पोरालाही पाठ असते. जास्त-जास्त मिळविण्याच्या चढाओढीत माणसे कबरीपर्यंत पोचतात, असा तिचा विषय. मी नमाजात ती म्हणत होते आणि सलाम फेरला की फरशीचे भाव विचारीत होते. सासूबाईंचे गुडघे गेलेले. वरचा मजला त्यांनी अजून पाहिलेला नाही.

त्या मजल्याला पैसा कुठून आला, ते आता सांगते. 2013 मध्ये सासऱ्यांची ती कलमे आठ लाखांना विकली. आमच्या शरीयतीप्रमाणे विधवेचा आठवा हिस्सा, म्हणजे एक लाख सासूबाईंचे. ते त्यांनी आपण होऊन मुलांना दिले. उरलेल्या सात लाखांचे पाच भाग: दोन भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. म्हणजे नणंदेचे एक लाख चाळीस हजार. हे कुराणात लिहिलेले आहे, कोणाची मेहरबानी नव्हे. पण विक्रीआधी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आदल्या दिवशी ती आली, तेव्हा मी फणसाची सांदणे केली होती. ताटावर बसवून मी तिला म्हणाले, "सही केलीस म्हणजे तुझे माहेर कायम उघडे." ती काही बोलली नाही. हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सही केली. भगिनींनो, सही केली नाहीस तर काय, हे मला बोलून दाखवावे लागले नाही.

2021 मध्ये तिचे यजमान आजारी पडले. ती माझ्याकडे वीस हजार उसने मागावयास आली. मी दिले, आणि वहीत तिच्या नावावर लिहून ठेवले! तिने सहा हजार फेडलेही.

पुढच्या रमजानात एका बयानात ऐकले की, एका खेडुताने पैगंबरसाहेबांना कयामत कधी, असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, अमानत बुडविली जाऊ लागली की तिची वाट पाहा. कारभार नालायकांच्या हाती जाणे म्हणजे अमानत बुडणे, असा खुलासाही त्यांनी केला. मौलवीसाहेब राज्यकर्त्यांविषयी बोलत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र माझी वही आली. घरातला कारभार माझ्याच हाती नव्हता का? दुसऱ्या एका माणसाने असाच प्रश्न केला, तेव्हा पैगंबरसाहेबांनी उलट विचारले होते की, तू तिच्यासाठी काय तयार केले आहेस?

मी त्या रात्री दोह्याला फोन लावला. मुलांचे अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागद तर कायदेशीर आहे." मी म्हटले, "कागद आहे, पण सांदणे मी वाढली होती." त्यावर ते हसले नाहीत. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. आमच्या निम्म्या वाट्याचे सत्तर हजार आम्ही द्यावयाचे ठरले. वहीतले पान मी फाडले. तिच्याकडे राहिलेले चौदा हजार धरून आजवर पन्नास हजार पोचले आहेत. जाऊबाईंच्या घरचे सत्तर अजून निघालेले नाहीत आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत. गच्चीवर कपडे वाळत घालताना आम्ही दोघी एकमेकींना दिसतो.

हे सगळे आज इथे सांगू का, असे मी नणंदेला विचारले होते. ती म्हणाली, "सांग भाबी, पण माझे नाव घेऊ नको. आणि उरलेले वीस हजार कधी देणार, तेही त्या बायकांसमोरच सांग."

तर ते येत्या आंब्याच्या हंगामाआधी देईन.