न्यू ऑर्लिन्सची शेजारमंडळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याने देणारी बाई नव्हे. सातवी झाली आणि पोळपाट-लाटणे हाती आले. पण अमेरिकेला जाऊन आलीस, तर तिकडचे चार शब्द सांग, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. उंच इमारती आणि रुंद रस्ते यांचे वर्णन आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. मी सांगणार आहे ते एका गावाबद्दल आणि तिथल्या मंडळांबद्दल.

२०२४ साली भावजयीच्या बाळंतपणासाठी मी ह्यूस्टनला धाकट्या भावाकडे गेले होते. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर भावाने आम्हा सर्वांना मोटारीने न्यू ऑर्लिन्सला नेले. मिसिसिपी नदीकाठचे हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले, पुढे ते स्पेनकडे गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेने ते विकत घेतले. जुन्या भागात घरांना लोखंडी नक्षीचे सज्जे आहेत, रस्त्यात ट्राम चालते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कोणी ना कोणी वाजवीत उभा असतो.

खाणेही आपल्याला परके वाटू नये असे. 'गुंबो' नावाचे कालवण तिथे घरोघर होते. पीठ तेलात तांबूस होईपर्यंत परतायचे, त्यात कोलंबी, खेकडे, पुष्कळदा भेंडी घालायची आणि भाताबरोबर वाढायचे. गुंबो हा शब्दच मुळी आफ्रिकेतला, भेंडीचा. गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांबरोबर तो आला. आणि सोमवारी तिथे राजमा-भात. का, तर सोमवार हा धुण्याचा दिवस. राजमा मंद चुलीवर ठेवून दिला की बाई धुणे धुवायला मोकळी! हे ऐकून मला फार हसू आले. चूल कुठलीही असो, बाईचा हिशेब एकच.

रविवारी दुपारी आम्ही ट्रेमे नावाच्या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथे एक मिरवणूक निघाली होती. पुढे एकसारखे पोशाख केलेली मंडळाची माणसे, हातात पिसांचे पंखे, मग ताशे आणि पितळी वाद्ये, आणि मागे नाचत येणारे सारे गाव. या मागून येणाऱ्यांना 'सेकंड लाइन' म्हणतात. त्यांना आमंत्रण लागत नाही. माझ्या वयाच्या बायका भर रस्त्यात नाचत होत्या आणि कोणी कोणाला हसत नव्हते.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या. सण कोणता, असे मी भावाकडून विचारविले. त्या म्हणाल्या, "सण कसला? आमच्या मंडळाचा वार्षिक दिवस."

या मंडळांचा इतिहास मोठा आहे. गुलामगिरी संपली तरी काळ्या माणसांना विमा मिळणे दुरापास्त होते. आजारात डॉक्टरची फी कोण देणार? मेल्यावर मूठमाती कोण देणार? तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मंडळे काढली. दरमहा थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याच्या घरी ती पोचवायची. १८८४ साली निघालेले असे एक मंडळ अजून चालू आहे. या मंडळांच्या नावातच 'मदत आणि आनंद' असे दोन्ही शब्द असतात.

सभासद वारला की बॅंड लावून त्याला पोचवतात. जाताना धीमी, रडवेली भजने. दफन झाल्यावर मात्र वाद्ये मोकळी होतात आणि लोक नाचत परततात. आपल्याकडे टाळ-मृदंगाच्या गजरात वारकऱ्याला नेतात, ते मला आठवले. दुःख एकट्याच्या गळ्यात बांधून सोडायचे नाही, हाच दोन्हींतला भाव.

या गावाची मोठी परीक्षा झाली ती २९ ऑगस्ट २००५ रोजी, कत्रिना वादळात. जवळजवळ निम्मे शहर समुद्रसपाटीहून खाली. बांध फुटले आणि शहराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. हजाराहून अधिक माणसे गेली. पुष्कळांना ह्यूस्टनमध्ये आसरा घ्यावा लागला. तरी जानेवारी २००६ मध्ये मंडळांनी मिळून मिरवणूक काढली आणि पांगलेली माणसे तिच्यासाठी परगावांहून आली. लिआ चेझ या नावाजलेल्या सुगरणबाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे सासरचे, १९४१ पासूनचे उपाहारगृह पाण्यात बुडाले होते. त्यांनी ते २००७ मध्ये पुन्हा उघडले आणि २०१९ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारल्या, तोवर त्यांचा जीव स्वयंपाकघरातच रमला.

भगिनींनो, पूर म्हणजे काय हे चिपळूणकरांना मी सांगायला नको. २२ जुलै २०२१ चा चिखल आपण आपल्या हातांनी उपसला आहे. त्या आठवड्यात आपण एका चुलीवर सर्वांचे जेवण केले. पण पाणी ओसरले आणि आपणही पुन्हा हळदीकुंकू, पाककृती, मंगळागौर यांत रमलो. त्यात वाईट काही नाही. पण आपल्यातल्या एक भगिनी गेल्या पावसाळ्यात विधवा झाल्या. तेराव्यापर्यंत आपण सर्वजणी जाऊन आलो. पुढे त्यांनी मंडळात येणे सोडले, आणि आपण त्यांना बोलावणेही सोडले. आपल्याकडे आनंदाची वही आहे, मदतीची वही नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दरमहा प्रत्येकीने वीस रुपये वेगळे काढावे. आजारपण, मृत्यू किंवा पूर आलेल्या घरी ते न मागता पोचवावे. देणगी म्हणून नव्हे, सभासदाचा हक्क म्हणून. आणि पुढच्या हळदीकुंकवाला त्या भगिनीला दोघींनी जाऊन सन्मानाने घेऊन यावे. कुंकू लावावे की नाही, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. तोवर आपण तिला आपल्या शेजारी बसवून घेऊ.

माझे पहिले वीस रुपये मी खजिनदारबाईंकडे आजच देत आहे.