आधी पुस्तक, मग चित्र
(पालक-सभेतील भाषण)



उंब्रजहून आपली सहल यंदा औंधच्या श्री भवानी संग्रहालयास जाणार आहे. त्यावर पालकांकडून दोन प्रश्न आले. पहिला, चित्रे पाहून मुलांचे गुण वाढतात काय? दुसरा थोडा दबक्या आवाजात आला : त्या कथा आपल्या नव्हेत, मग आपल्या मुलांनी त्या का पाहाव्यात? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

औंध आपल्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंग त्यांनी रंगविले व १९१६ साली ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले. हे संग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रेही तेथे आहेत.

आता पहिला प्रश्न. ‘राजा दुःखी झाला’ एवढे लिहून लेखक पुढे जातो. चित्रकाराला मात्र ठरवावे लागते : राजा उभा की बसलेला? नजर कोठे? उजेड कोठून? म्हणजे ते वाक्य त्याला आपल्यापेक्षा बारकाईने वाचावे लागते. कथा न वाचलेल्या मुलाला चित्रात रंग दिसतील. वाचलेल्याला प्रश्न पडतील. प्रश्न पडू लागले की अभ्यास आपोआप सुरू होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहास देतो. सम्राट अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर करविले. तो सचित्र ग्रंथ म्हणजे ‘रज्मनामा’. रामायणही फारसीत आले. अकबराचे सेनापती अब्दुर्रहीम खानखाना यांनी तर फारसी रामायणाची सचित्र प्रत स्वतःसाठी करवून घेतली. ती आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. शेजाऱ्याची कथा जाणून घेतल्याने रहीम आपल्या घराला परके झाले नाहीत. उलट त्यांचे हिंदी दोहे आज घरोघरी ठाऊक आहेत. चारशे वर्षांपूर्वी त्यांना जे वर्ज्य नव्हते, ते आपल्या मुलांना का असावे?

पालकांनो, मुलांबरोबर मुलींनाही सहलीला पाठवा. विद्यार्थ्यांनो, निघण्यापूर्वी ग्रंथालयातून रामायणाच्या कथा नेऊन वाचा. तेथे सगळी दालने धावत पाहू नका. एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहा. पुस्तकातले काय चित्रकाराने घेतले, काय सोडले, स्वतःचे काय घातले, हे दहा ओळींत लिहून आणा. त्या दहा ओळी तुमच्या स्वतःच्या असतील; त्या कोणत्याही गाईडात सापडणार नाहीत.