चेहऱ्यावरून चोर ओळखता येतो का?
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



‘गुन्हेगाराचे मन’ हा विषय जाहीर झाला तेव्हा अनेकांनी विचारले, रामन राघवची गोष्ट सांगणार ना? ती सांगितली तर सभागृह रंगेल, पण घरी नेण्यासारखे हाती काही उरणार नाही. म्हणून आज आमच्याच घरातली ‘चोरी’ सांगतो.

काही वर्षांपूर्वी गौरी विसर्जनानंतर गौरीची ठुशी सापडेना. कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही विचारले. त्यांचा आवाज कापू लागला, नजर जमिनीकडे, पदराशी चाळा. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि निकाल लागला. पोलिसांत गेलो नाही, हा आम्हाला मोठेपणाच वाटला. त्यांचे काम सुटले. बातमी पसरून शेजारची दोन घरेही सुटली. पुढच्या वर्षी गौरीचा शालू उलगडला, तर ठुशी घडीतून खाली पडली.

माफी मागायला गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत तेव्हाच कळलं, काम गेलं. म्हणून घाबरले.”

फॉरेन्सिक मानसशास्त्राचा पहिला धडा हाच. भीती खोटे बोलणाऱ्यालाही वाटते आणि ‘माझे खरे कोण मानणार?’ असे वाटणाऱ्यालाही. चेहऱ्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या चुकीला ‘ऑथेल्लो’चे नाव दिले. त्याच नाटकावरून देवलांनी ‘झुंझारराव’ लिहिले, हे आपण जाणताच. निरपराध पत्नीची भीती हाच नवऱ्याला पुरावा वाटला.

२००६ साली बाँड आणि डीपाउलो या संशोधकांनी दोनशेहून अधिक शोधनिबंध एकत्र तपासले. खरे-खोटे ओळखताना माणसे शंभरांत सरासरी ५४ वेळाच बरोबर ठरतात. नाणे उडवले तरी ५० वेळा जमते!

मग यंत्र आहे ना? पॉलीग्राफ श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम टिपतो. खोटे टिपत नाही. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नार्को, पॉलीग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कोणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केली, तरी चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा ठरत नाही. न्यायालय यंत्रावर विसंबत नाही. आम्ही मात्र पदराच्या चाळ्यावर विसंबलो.

बडोद्याहून गांधीनगर काही लांब नाही. तिथे राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ आहे. पुढच्या वर्षी मंडळाने तिथल्या जाणकारांना अवश्य बोलवावे.

तोवर एवढेच करू. वस्तू हरवली तर आधी घर शोधू. संशय असलाच तर रीतसर तक्रार करू, चौकशी ज्यांचे काम आहे त्यांना करू देऊ. आणि गौरीचे दागिने उतरवताना दोघांनी मिळून यादीशी ताडून मोजू. आमच्या घरी आता तशी यादी असते. त्या बाईंना आम्ही परत बोलावले होते. त्या आल्या नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!