‘माण’ शोधताना



हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आपल्या माणच्या रानात आला. माझंही पोट संगणकावरच चालतं, तेव्हा त्याला नावं ठेवायला उभा नाही.

मध्यंतरी एका ग्रंथालयात व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ मागितलं. (तो माण साताऱ्याकडचा, लहानपणी मला आपलाच वाटायचा.) मराठीत टाइप केलं, तर पुस्तक नाही म्हणे. आणि ते मागच्या कपाटात होतं! नोंद इंग्रजी अक्षरांत केलेली. त्या अक्षरांत ‘माण’, ‘मान’, ‘मन’ एकाच स्पेलिंगचे होतात. ळ आणि ल यांचंही तेच. कुठे नोंदी मराठीत असतात, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतेच संकेत. शोध लागणार कसा?

आपले सर जाड दाखल नोंदवही उघडून ओळीवर बोट ठेवायचे, “खालच्या फळीवर बघ रे.” पुस्तक तिथेच असायचं.

आज शाळेच्या ग्रंथालयाला आपण संगणक देतोय. माझी विनंती एवढीच, की नोंदी देवनागरीत, युनिकोडमध्येच व्हाव्यात आणि जुन्या नोंदवह्या रद्दीत जाऊ नयेत. चूक झाली तर ताडून बघायला दुसरं काय आहे आपल्याकडे? टाइप करायला दर शनिवारी मी येईन. तुमच्यातले आणखी दोघे-तिघे आले, तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काम उरकेल. न-ण तपासायला मात्र मराठीच्या बाई हव्यात. माझं शुद्धलेखन त्यांना ठाऊक आहे.