दिवे मोजू नका, सावल्या मोजा

(व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'छायाचित्रण व चित्रपटातील कृत्रिम प्रकाशाचा सर्जनशील वापर' असं छापलंय. हे बारसं मी केलेलं नाही. कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी फक्त 'लायटिंग' म्हणालो होतो. (हशा) हसू नका, त्यांचंही बरोबर आहे. नुसतं 'लायटिंग' छापलं असतं तर गणपती मंडळांची पोरं येऊन बसली असती. (मोठा हशा)

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, त्या गावात या विषयावर बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा छाती धडधडते. चित्रीकरण म्हणजे ऊन आणि ढग आला की चहा, अशा काळात 1923 साली 'सिंहगड'साठी पेंटरांनी दिवे लावून रात्र उभी केली. पण हा सगळा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून तो सोडून देतो. नाहीतर पहिल्या रांगेतून कुणीतरी दुरुस्ती सुचवायचं. (पहिल्या रांगेतून : 'सुचवणारच!') बघा, सोडला ते बरं झालं.

तसंच कुब्रिकचं. 'बॅरी लिंडन', मेणबत्त्यांचा उजेड, नासासाठी बनवलेली एफ 0.7 ची लेन्स. प्रकाशावर बोलणारा प्रत्येक माणूस ती गोष्ट सांगतो आणि तुम्ही ती ऐकलेली आहे. मी सांगणार नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. कुठलंही चित्र बघा, फोटो बघा, सिनेमाची चौकट बघा. त्यात किती दिवे लावलेत ते मोजत बसू नका, चेहऱ्यावर नाकाच्या सावल्या किती पडल्यात ते मोजा. एक असली तर माणूस खरा वाटतो. दोन झाल्या की काहीतरी खटकतं. काय खटकतं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडालेला असतो. सूर्य एकच बघत आलोय ना आपण! माझं सगळं काम या एका गोष्टीवर चाललं आणि आज संध्याकाळीसुद्धा मी फिरून फिरून इथंच येणार आहे. कंटाळा आला तर सांगा.

म्हैसूरला जगन्मोहन पॅलेसमध्ये कोण कोण गेलंय? हात वर करा. बरेच आहेत. तिथं अंधाऱ्या खोलीत एक चित्र लावलंय, हातात दिवा घेतलेल्या बाईचं. ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगणारा गाइड तुम्हाला हमखास भेटला असेल. ते रविवर्म्याचं नाही. आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, 1945 च्या सुमाराचं, आणि समोर उभी आहे ती त्यांची मुलगी. दुसरं म्हणजे ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. जलरंगात एकदा उजेड गेला की परत आणता येत नाही; कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो.

त्या चित्रात दिवा किती? एक. तोही बघणाऱ्याला धड दिसत नाही, कारण वारा लागू नये म्हणून तिनं पुढे हात धरलाय. त्या हाताची बोटं बघा. कडेला लालसर झालीत, उजेड मांसातून आरपार येतोय. तोच उजेड हनुवटीखाली गेलाय, गालावर चढलाय आणि पदराच्या काठावर थोडा सांडलाय. बाकी अंधार. मी शिकाऊ पोरांना लायटिंगचं पुस्तक देत नाही, म्हैसूरचं तिकीट काढायला सांगतो. जातात किती, ते विचारू नका.

आता इथं एक हरकत येते आणि ती मीच घेऊन टाकतो. तुम्ही म्हणाल, सिनेमाच्या सेटवर दिव्यांची रांगच्या रांग असते, तुमची एक सावली कुठून आणायची? तर सुब्रत मित्रांचं ऐका. 'पथेर पांचाली'च्या आधी या माणसानं सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. पुढे 'अपराजितो' आला, 1956 साली. त्यात बनारसमधलं एक घर आहे, मधोमध चौक असलेलं. ते उघड्यावर बांधायचं ठरलं होतं, पण पावसाच्या भीतीनं कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी ते कलकत्त्याला स्टुडिओत उभं केलं. मित्रांनी सत्यजित राय यांच्याशीही वाद घातला आणि बन्सींशीही. चौकात आभाळाचा जो उजेड वरून झिरपत येतो, त्याला सावली नसते; तो स्टुडिओत आणणार कसा? वादात मित्र हरले. आणि हरल्यावर त्यांनी चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड सेटच्या वर आभाळासारखं धरलं, दिवे खाली ठेवून त्यांची तोंडं वर केली आणि कापडावर आपटून जो उजेड खाली आला, त्यात सीन घेतले. याला बाउन्स लायटिंग म्हणतात. आज तुमच्या घरच्या बारशाचा फोटोग्राफरसुद्धा फ्लॅशचं तोंड छताकडे करतो ते हेच.

म्हणजे दिवे बरेच होते. कबूल. पण आभाळ एकच होतं! माझा मुद्दा तसूभरही हललेला नाही. (टाळ्या)

आता हे नुसतं बोलून समजायचं नाही. ते वरचे दोन हॅलोजन बंद करता का जरा? आणि बाजूच्या ट्यूबा. माझ्या मागच्या पडद्यावर बघा आधी, बंद करायच्या अगोदर : या माइकच्या चार सावल्या पडल्यात. असा उजेड फक्त भाषण करणाऱ्याच्या वाट्याला येतो. (हशा) हां, करा बंद. कार्यवाह, तुम्ही या खुर्चीत बसा. या, या, दोन मिनिटांचं काम आहे. टेबललॅम्प माझ्याकडे द्या.

लॅम्प बरोबर समोर धरला. काय दिसतं? आधार कार्ड. (हशा) चेहरा सगळा उजळ, पण सपाट. नाक गालात मिसळून गेलं. आता खाली, हनुवटीखाली धरतो. पोरं घाबरली बघा. भयपटवाल्यांनी हा दिवा इतका वापरलाय की आता घाबरायच्या ऐवजी हसूच येतं. आता वर नेतो आणि बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात. थांबा, मान हलवू नका. नाकाची सावली खाली उतरतेय, गालाच्या सावलीला जाऊन भिडली. आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एवढासा त्रिकोण राहिला. दिसला? मागच्यांना दिसला का? (मागून : 'दिसला!') याला जगभर रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात.

यावरून आठवलं. 1915 साली सेसिल बी. डीमिलनं 'द वॉरेन्स ऑफ व्हर्जिनिया' काढला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका ऑपेरा हाउसमधून स्पॉटलाइट उसने आणून नटांचे अर्धे चेहरे अंधारात ठेवले. न्यूयॉर्कच्या भागीदारानं कळवलं, चेहरा अर्धाच दिसतो, थिएटरवाले पैसेही अर्धेच देतील. यांनी उलट कळवलं, हे रेम्ब्रांट लायटिंग आहे म्हणून सांगा. मग म्हणे त्याच सिनेमाचे दुप्पट पैसे मागितले गेले! (मोठा हशा) डीमिलनं ही गोष्ट स्वतःच सांगितलीय, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला.

कार्यवाह, बसा हो, अजून झालं नाही. आता हा दिव्यापुढे वर्तमानपत्राचा कागद धरतो. सावलीची कड बघा. मघाशी सुरीनं कापल्यासारखी होती, आता विरघळली. दिवा तोच, पण चेहऱ्याच्या मानानं मोठा झाला. कड मऊ होते ती त्यानं. वॉटचा संबंध नाही. हा एलईडी आहे म्हणून कागद धरायची हिंमत. आमच्या वेळी 'बेबी'च्या, म्हणजे स्टुडिओतल्या छोट्या दिव्याच्या, तोंडाला कपड्याच्या चिमट्यांनी बटर पेपर लावायचा, दुपारपर्यंत तो भाजून तपकिरी व्हायचा आणि त्याबरोबर हिरोइनचा गालही. मग नवा पेपर, नवे चिमटे, चटके बसलेली तीच बोटं. वर तराफ्यावर बसलेला लाइटमन उन्हाळ्यात काय भोगायचा ते त्याचं त्याला ठाऊक. 'दोन बोटं डावीकडे' म्हटलं की तो बरोबर दोनच बोटं फिरवायचा. त्याचं नाव पाटीवर कुठं यायचं? नाही यायचं. या विषयावर मी स्वतंत्र एक तास घेऊ शकतो.

आता लॅम्प फूटभरावरून दोन फुटांवर नेतो. उजेड निम्मा झाला? नाही, पाव झाला. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. हे शाळेत झालंय तुमचं. पण शाळेत याचा उपयोग कुणी सांगितला नाही. दिवा चेहऱ्याला चिकटवला की मागची भिंत त्या मानानं फार लांब पडते, म्हणून ती काळी होते. लांब नेला की चेहरा आणि भिंत जवळजवळ सारखेच उजळतात. म्हणजे भिंत काळी करायला काळा रंग लागत नाही, एक पाऊल पुढं टाकलं की झालं. (टाळ्या) कार्यवाह चांगले दिसतायत ना? (तिसऱ्या रांगेतून स्त्रीचा आवाज : 'घरी असे दिसत नाहीत!' मोठा हशा)

वहिनी, त्यात दिव्याचा दोष असेल. घरी ट्यूब बरोबर डोक्यावर असते. डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो, माणूस उगाच रागावलेला वाटतो. 'गॉडफादर'मध्ये गॉर्डन विलिसनं 1972 साली हेच मुद्दाम केलं, ब्रँडोवर वरून उजेड टाकून डोळे झाकले. तेव्हा रागावण्याआधी ट्यूब तपासा.

(मागून एका तरुणाचा प्रश्न : 'सर, लग्नात नवरीला नाकाची सावलीच नको असते. आमचा रिंग लाइट चुकीचा का?')

आला प्रश्न. मी वाटच बघत होतो. हे बघा, मी रिंग लाइटच्या विरुद्ध आहे अशी अफवा आहे. मी कशाच्याच विरुद्ध नाही. (हशा) खरंच नाही! रिंग लाइट लेन्सच्या भोवती असतो, म्हणून सावली पडते पण माणसाच्या पाठीमागं लपते, कॅमेऱ्याला दिसत नाही. डोळ्यात तेवढी बांगडी चमकते. दाताच्या डॉक्टरला ते फार उपयोगी, तिथं सावली नकोच. पण नवरीचं नाक तिच्या आईवर गेलंय की आत्यावर, हे त्या सावलीनंच कळतं. तुम्ही तेच पुसून टाकता आणि वर पैसे घेता.

('पण गिऱ्हाईक तेच मागतं.') मागणारच. तुम्ही दुसरं काही कधी दाखवलंय का? एक फोटो त्यांना हवा तसा काढा, एक खिडकीपाशी बसवून काढा, दोन्ही टेबलावर ठेवा. नाहीच पटलं तर रिंग लाइट वापरा, पोट आहे. मी रागावलो नाही, माझा आवाजच असा आहे.

काय? चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' अहो, मी अजून व्याख्यानाच्या मध्यावर नाही! कागदावर प्रभातचं पान आहे, वि. अवधूतांचा कॅमेरा, 1939 चा 'माणूस', स्टुडिओत उभ्या केलेल्या गल्लीतला तो अंधार. ते गेलं. रंगाचं तापमान, दिवसाचा उजेड 5600 केल्विन, टंगस्टनचा 3200, मेणबत्तीचा आणखी खाली, तेही गेलं. एवढंच ध्यानात ठेवा की खिडकी आणि बल्ब एका चौकटीत आले की एक निळा दिसणार किंवा दुसरा पिवळा, आणि दोघांचं पटवायला आमचा अर्धा दिवस जातो.

पण कॅमेरामन व्ही. के. मूर्ती सोडणार नाही, त्यासाठीच मी आलोय. 'कागज के फूल', 1959, भारतातला पहिला सिनेमास्कोप. त्यातलं ते गाणं, ओस पडलेला स्टुडिओ आणि वरून तिरपी उतरलेली उजेडाची जाड पट्टी. ती पट्टी शिकवल्याशिवाय सिनेमॅटोग्राफीचा वर्ग पुढं सरकत नाही. कुठल्या दिव्याची? पाच किलोवॅट? दहा? ब्रूट? दिवा नव्हताच! मूर्तींनी स्टुडिओबाहेर उन्हात एक मोठा आरसा ठेवला, त्यातून ऊन आत वरच्या दुसऱ्या आरशावर मारलं आणि तिथून खाली. हवेत धूर. दिव्याची पट्टी पुढं पुढं पसरत जाते, सूर्य इतका लांब की त्याचे किरण समांतरच येतात. ती गच्च पट्टी त्यातूनच निघाली. कामही सोपं नाही. सूर्य सरकतो, त्याबरोबर पट्टी सरकते, म्हणजे बाहेरच्या आरशापाशी माणूस उभा हवाच.

आता गंमत बघा. मित्रांचं आभाळ सगळं दिव्यांचं, आणि हिंदी सिनेमातली सगळ्यात नावाजलेली 'दिव्याची' पट्टी म्हणजे चक्क ऊन. कृत्रिम कोणाला म्हणायचं? पत्रिका छापणाऱ्यांनी उत्तर द्यावं. (हशा, टाळ्या) सिनेमा त्या वेळी पडला. मूर्तींना मात्र पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, कॅमेऱ्यामागच्या माणसाला मिळालेला पहिला. आणि सावल्या मोजा, एकच आहे.

दुसरी चिठ्ठी. 'वेळ संपली.' बरं. श्रोत्यांच्या तीन चिठ्ठ्या आहेत, दोन मिनिटांत उरकतो. 'नवशिक्यानं कोणते दिवे घ्यावेत?' एक टेबललॅम्प आणि थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा. तुकड्याच्या मागच्या बाजूला काळा कागद चिकटवा. पांढरी बाजू उजेड देते, काळी उजेड खाते. महिनाभर दुसरं काही विकत घेऊ नका. 'मुलानं हा व्यवसाय करावा का?' हे मला विचारू नका, त्याच्या आईला विचारा. (हशा)

शेवटची. 'रात्री मोबाइलवर नातवाचा फोटो काढताना फ्लॅश वापरावा का?' नाही. फ्लॅश बंद. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलची बॅटरी लावायला सांगा, पण तिचा झोत मुलावर नको, मुलाच्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंत उजळली की ती खिडकीचं काम करते. पोरगं भिंतीपासून दोन-तीन फुटांवर बसवा आणि त्याला काहीतरी खायला द्या, म्हणजे हलणार नाही. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर चेहराही तसाच येईल. मग मला फोन करू नका. (हशा, टाळ्या)